काटा

ऑगस्टचा दुसरा शनिवार. अग्निशमन केंद्राच्या शेडमधून
बंब बाहेर उभा केलाय, आत टेबलं मांडलीत,
आणि पूर्व केंटकीच्या घळीघळींतून लोक आलेत
कुकरची नुसती झाकणं घेऊन.
कुणी उशीच्या अभ्र्यात, कुणी बाळाच्या दुपट्यात गुंडाळून.

मी झाकण पंपाला जोडते. दाब भरते.
माझा काटा, त्यांचा काटा, शेजारी शेजारी.
अर्धा पौंड इकडेतिकडे, चालेल.
एक पौंड, चिठ्ठी लावून देते: तेवढा वाढवून धरा.
बाकी दर वर्षीचंच.
टोमॅटोत बाटलीतला लिंबूरस घाला, झाडावरचा नको,
झाडावरचं लिंबू कधी आंबट असतं, कधी नुसतं तसं दिसतं.
फरसबीला साधं उकळतं पाणी पुरत नाही.
आणि चाखून बघायचं नाही. वासावर जायचं नाही.
ते मोकळ्या हवेत वाढत नाही,
घट्ट झाकणाखाली वाढतं,
आपण निर्धास्त झाल्यावर.

डेल्मर स्टॅम्परचं झाकण इतकं घासलेलं
की त्यात माझा चश्मा दिसतो.
माझा काटा आठावर. त्याचा अकरा म्हणतोय.
पुन्हा भरते.
आठ. अकरा.

"ओनेटाचं आहे. मार्चमध्ये गेली, फुप्फुसांनी.
अकरावर आला की घड्याळ लावायची
आणि खुर्ची ओढून समोर बसायची. पंचवीस मिनिटं.
फोन वाजला तरी उठायची नाही."

चूक तिची नव्हती, मी म्हणते.
"ते मला माहीत आहे.
बरण्या किती उरल्यात ते विचारा."

नऊ. गेल्या जुलैच्या.
"आधीच्या खाल्ल्या की. मेलो नाही."

छापील पत्रकात यावर एक वाक्य आहे. ते वाचत नाही.
म्हणते, न बघता रस्ता ओलांडून पलीकडे पोचलेला माणूस
रस्त्याबद्दल काय सांगणार, डेल्मर?
उघडू नका. दोन पिशव्यांत बांधा. कुत्र्यालाही नको.

शून्यावर आलेल्या काट्याकडे तो बघत राहतो.
"बरण्यांवर तिचं अक्षर आहे," म्हणतो,
"तारीख, आणि कुठल्या वेलीच्या."

यावर पत्रकात वाक्य नाही.

मागे कुणीतरी खोकतं. बाहेर पोरं बंबावर चढलीत,
त्यांना कुणी ओरडत नाहीय.
तो शर्टाच्या खिशातून पाकीट काढतो, वीजबिलाचं,
वर तिरक्या अक्षरात: कुंपणाकडची वेल. विकायचं नाही.
हलवतो. आत खुळखुळतं.
"बियांना तर काही होत नाही ना?"

नाही, मी म्हणते. वेलीवरच वाळलेल्या ना? मग नाही.
कोरड्या ठेवा.
आणि नवा काटा बसवला की आधी माझ्याकडे आणा,
नवाही खोटं बोलू शकतो.

तो झाकण अभ्र्यात ठेवतो,
चारी टोकं एकेक करून मोडतो,
ती मोडायची तशी असावीत,
मध्ये एकदा चुकतो, उलगडतो, पुन्हा मोडतो.

मी पंप मोकळा करते. पुढचं झाकण.