सध्याचा वापर

भिंत गेली. राजवाडा गेला.
एकेक चिरा उचलून लोकांनी
आपापल्या विहिरी बांधल्या, म्हणतात.
उरले दोन खांब, वर एक आडवा दगड
आणि मधोमध
जुन्या गोव्याची दुपार.

मी चुन्याचं काम बघते.
मागच्या दुरुस्तीत कुणी भरलेलं सिमेंट
इनास मेस्त छिन्नीनं काढतो,
दाढेतली कीड काढावी तसं,
आणि शिव्या घालतो, हळू,
दगडाला ऐकू जाऊ नयेत इतक्या.
चुना तीन आठवडे भिजतोय.
रोज बोटावर घेऊन बघतो:
"आजून ना."

फॉर्मवर रकाने आहेत.
काळ: मध्ययुग, पुढे प्रश्नचिन्ह.
मूळ मालक: सुलतान? त्याआधी एखादा देव?
नक्षीतली वेल काही कबूल करत नाही.
सध्याचा वापर:

इथं पेन थांबतं.
आत जायला आत उरलेलंच नाही.
पर्यटक बाजूनं येतात, फोटो काढतात,
बाजूनंच जातात.

पाच वाजता दिवाडीच्या फेरीतून उतरून
पिएदाद येते, डोक्यावर मासळीची रिकामी पाटी.
चारी अंगांनी मैदान मोकळं,
तरी वळसा घेऊन
नेमकी खांबांमधून जाते.
वरचा दगड दोन पुरुष उंच,
तरी पाटी लागू नये म्हणून
जराशी वाकते.

का गं, विचारलं.
माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली,
"दार आसा न्हय?"

रकान्यात तेवढंच लिहिलं.
पणजीहून फॉर्म परत आलाय,
लाल शेरा मारून: खुलासा करावा.

चुना अजून भिजतोय.