शीव

देशाची शीव कुठे, असं कुणी विचारलं
तर मी समुद्राकडे बोट दाखवत नाही.
ती ओझरच्या या शेडमध्ये आहे, माझ्या टेबलावर,
चहाच्या डागाच्या थोडी डावीकडे.

बाहेर कंटेनर उभा. आत शून्य अंश,
वीस पॅलेट, थॉमसन, मणी अठरा मिलिमीटर.
झाकीर दर तासाला दारात येतो, "मॅडम, झालं का?"
त्याच्या पाठोपाठ जनरेटरची घरघर, डिझेलचा वास.

अडलंय एक अक्षर.
माल निरोगी असल्याच्या दाखल्यावर
रॉटरडॅमच्या खरेदीदाराच्या आडनावात
दोन एन हवेत, एकच पडलाय.
कीड नाही, औषधाचा अंश नाही,
प्रयोगशाळेनं मणी न् मणी पास केला,
आणि नाव नापास.

साहेब वाईट नाहीत. हे मुद्दाम लिहिते,
कारण सगळे उलटच सांगतात.
दुरुस्तीला त्यांना दोन मिनिटं लागतात.
त्या दोन मिनिटांपर्यंत पोचायला दोन दिवस.

अप्पा विल्होळीच्या जकात नाक्यावर होते.
गोणीत सळई खुपसायचे, टोकाला लागलेलं
जिभेवर ठेवून सांगायचे: मिरची. सोडा. खोबरं.
घरी कितीही हात धुतले तरी
आमच्या भाताला ब्याडगीचा वास यायचा.
रांग पार वाडीवऱ्ह्याकडे वळलेली असायची.
नाका उठला त्या संध्याकाळी
ते खरोखर काळजीत पडून म्हणाले,
"मग आता गाड्या थांबणार कुठे?"

इथे, अप्पा.

दुपारी खरेदीदाराचा मेल आला.
भांडला असता तर बरं वाटलं असतं.
एकच ओळ: या आठवड्यापुरतं केपटाऊनहून घेतलंय,
तुमचं आलं की भाव बघू.
मी साखरेचा आकडा पुन्हा काढून पाहिला. अठरा.
गोडीत आपण कमी नव्हतो,
पण मेलला काय चाखायला देणार?

चार चाळीसला दाखला आला, दोन्ही एनसकट.
झाकीरला उठवायला गेले तर केबिनमध्ये घोरत होता,
डॅशबोर्डवर टाकलेल्या पायांवर ऊन.
सीलचा नंबर पुन्हा पडताळला, फाटक उघडायला लावलं.
गाडी गेली त्या जागी
थेंबांचा एक लांब ओला पट्टा राहिला.

दुसरी वळून आत येतेय.
पुढची फाइल उघडते. नाव पुन्हा डच.
बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्यानं वाचते,
अप्पा गोण्या मोजायचे त्याच सुरात,
मधेच कुणी हाक मारली तर
पुन्हा पहिल्यापासून.