अर्धी गोळी

सकाळी अर्धी, रात्री अर्धी.
पोदेराचा भोंगा वाजला की खारो फाटकाशी उभा.
मी पावाच्या पोटात गोळी लपवतो,
तो पाव खातो
आणि गोळी तेवढी पायरीवर चाटूनपुसून ठेवतो.

मुळात तुझा तो, साईल.
फेरीच्या धक्क्यावरून टोपलीत घालून आणलास,
नाव ठेवलंस, आणि स्विंडनला गेलास.
तुझ्या कागदांना दोन वर्षं लागली.
त्याच्याकडे एकच, टोचणीचं पिवळं कार्ड.
‘मालक’ ह्या रकान्यात डॉक्टरीणबाईंनी
न विचारता माझं नाव घातलं.

गोचीड काढायला आता मला चष्मा लागतो.
बोंदेऱ्याला गावभर बांबूच्या बंदुका वाजतात,
तेव्हा आम्ही दोघं न्हाणीचं दार लावून बसतो.
एस्पेरांसाबायच्या कोंबडीचे चारशे दिले,
वर माफी मागितली, ती वेगळी.
म्हापशाला लग्न असलं तरी
मी जेवणाआधीच फेरी गाठतो.

फोनवर तू म्हणतोस, बाबा, त्याला दाखवा.
मी फोन त्याच्या नाकाशी धरतो.
तो काच हुंगतो,
आणि धक्क्याकडे तोंड करून बसतो.

बाई म्हणाल्या, जपलंत तर अजून पाचेक वर्षं काढेल.
मी एकाहत्तरचा.
रात्री बोटांवर हिशेब घातला,
पुन्हा घातला.
मग आठवलं, माझी रक्तदाबाची राहिलीय.
दिवा लावला. तो खाटेखालून बघत होता.
घेतली.
अख्खी.