पिवळी चांदी

नाशकाच्या सराफ बाजारात, दुकानाच्या पायरीवर
बापूंनी बाटली उन्हात धरली.
"ही चांदी? पिवळी?"
इतकी बारीक केली की पिवळीच दिसते.
"घट किती धरलीस?"
ते तुमच्या काट्याला कळायचं नाही, म्हटलं.

पेखळेबाईंच्या पायातले जंतू
आठवडाभर बशीत वाढवतेय मी.
सहा औषधांच्या सहा टिकल्या,
त्यांना खेटून बसले मेले,
निवांत.
सातवी टिकली या पिवळ्या पाण्याची.
सकाळी तिच्याभोवती
रिकामं कडं, चौदा मिलिमीटर.

बापूंनी चष्मा पुसला,
फोटोतल्या कड्यावरून
सवयीने बोट फिरवलं, कुठे खरखरतंय का.
"बाईंच्या पायात बसेल?"

बशीत बसलं, बापू.
पायाचं माप
अजून कुणी घेतलेलं नाही.