उसना पिंजरा

कौतिकाबाईचा पिंजरा
आठ दिवसांपासून आमच्याकडे.
रात्री आकड्याला भजं,
सकाळी भजं गायब, दार उघडंच.

प्रमोद म्हणतो, औषध टाक.
टाकलं असतं,
पण मधल्या खोलीत कापूस आढ्याला टेकलेला,
उंदीर त्यात मेला तर हुडकायचा कुठे?

काल कापूस उपसताना
हाताला ऊब लागली.
सहा पिल्लं, गुलाबी, डोळे न उघडलेली,
करंगळीच्या पेराएवढी,
आमच्याच कापसाचं अंथरूण करून.

सूप आणलं.
सूप धरून उभी राहिले,
चुलीवर भात लागला तरी.

मग होता तसा कापूस
वर ओढून घेतला.

दिवेलागणीला कौतिकाबाई दारात:
“सापडला काय व एखादा?”

“नाही व, लय हुशार जात हाये.
राहू दे पिंजरा
अजून चार रोज.”