मेलोसची पाळी

दाजी पेठेतले माग रात्री थांबले
की मी अथेन्सच्या भिंती उभारायला घेतो.
कागद वडिलांचा, चादरीची नक्षी काढायचा, चौकटीचा.
मागल्या बाजूला अजून अर्धा मोर आहे
पैसे न आलेल्या ऑर्डरीतला.
मला हवेत षटकोन, आणि कागद ऐकत नाही.
मग एकाआड एक ओळ अर्ध्या घरानं सरकवली,
विटा रचतात तशी. चालतं.
समुद्रही तसाच बसवला, निळ्या रिफिलनं.

सैनिक म्हणजे जकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडताना
खाली पडतात त्या पुठ्ठ्याच्या टिकल्या.
लाल शाईच्या स्पार्टाच्या, कोऱ्या अथेन्सच्या.
पंखा लावला की दोन्ही सैन्यं उडतात,
म्हणून एप्रिलात, बेचाळीस डिग्रीत,
आम्ही पंखा बंद करून लढतो.

मल्लेशम स्पार्टा घेतो. नेहमीच.
जहाजं दिली तर म्हणतो,
"हिप्परग्याच्या तळ्यापलीकडं पाणी बघितलंय का मी?"
एक पाळी म्हणजे एक ऋतू, असं मी लिहिलं होतं.
तो म्हणाला, नळ येतो तेवढ्याची ठेव, पाच दिवसांची.
सोलापुरात कुणी हिशोब चुकणार नाही.

साथीचा नियम तीनदा खोडला.
फासा टाका. एक किंवा दोन पडले
तर भिंतीआडची एक टिकली उचला.
"एक पडला तरी पुरे," मल्लेशम म्हणाला,
आणि आम्ही दोघांनी
कोपऱ्यातल्या चौथ्या मागाकडं बघितलं नाही.
त्याच्यावर आता घागरी ठेवतात.

मेलोस बेट खालच्या बाजूला.
एकच टिकली, पेन्सिलनं करडी केलेली.
घेणाऱ्याला गुण दोन.
त्यानं कुणाचीच बाजू घेतली नव्हती,
म्हणून त्याला पाळी द्यायची
हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शनिवारी मल्लेशमची स्रवंती आली,
नववीचा शेवटचा पेपर टाकून,
हातात कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल.
एवढाच देश उरला होता.
"मी हे," म्हणाली, आणि बोट ठेवलं.
डाग आहे अजून.

दोन तास बसली.
आम्ही सिसिलीपर्यंत जाऊन बुडून आलो.
"माझी पाळी कधी?"
मी नियमांची वही पुढून चाळली, मागून चाळली.
शेवटी मीच जहाजं नेली तिच्यावर.
फासा टाकायचीसुद्धा गरज नव्हती,
तसं मीच लिहून ठेवलेलं.
तिनं वाद घातला नाही. हात धुतले,
आईबरोबर विड्यांची पाटी घेऊन कारखान्याकडं गेली.

रात्री टिकल्या मोजल्या. एक कमी.
मागाखाली बघितलं, सुताच्या पिंजारात, चपलांत.
मल्लेशमला फोन लावला.
तिकडं हसणं, मग तेलुगूत काहीतरी भरभर,
मग तो म्हणाला,
"ती म्हणतीय, ही तिची पाळी होती."

वहीत चढवलाय. नियम एकोणीस.
मल्लेशमला अजून पटलेला नाही.