साठ ओहम

तिसरी खेप.
लोणीकंदच्या खाणीत लोडर पुन्हा मुका झालाय,
आणि मालकाच्या फोनमध्ये माझं नाव
बहुतेक 'भोसरीवाली' एवढंच उरलंय.

पडद्यावर तेच: इंजिनाशी संपर्क नाही.
इंजिन मागे धडधडतंय,
केबिनला पत्ता नाही.
मागच्या खेपेला डबा बदलला,
एक लाख ऐंशी हजारांचा.
त्याच्या खोक्यातला थर्माकोल वजनकाट्यामागे पडलाय,
वर कोंबडी बसते.

तिमण्णा विटकर चाकाच्या सावलीत तंबाखू मळतो.
"मॅडम, गाडी डावीकडं वळली की जाते.
उजवीकडं कधीच न्हाई.
फोनवर सांगितलंवतं."
सांगितलं होतं.
मी फक्त कोडचा आकडा लिहून घेतला होता.

चावी बंद. बॅटरी तोडली.
बोटांवर खडीची पिठी, बाटलीतलं पाणी कोमट.
केबिनमधल्या सॉकेटात मीटरच्या दोन सुया,
एक पिवळ्या तारेवर, एक हिरवीवर.
पीळ घातलेल्या दोघी,
साऱ्या यंत्राचं बोलणं यांच्यातून.
साठ.

"साठ म्हंजे?"
म्हणजे दोन्ही टोकं जागेवर.
टोकाला एकेक रोध असतो, एकशेवीसचा.
"त्यो काय करतो?"
आलेला शब्द पिऊन टाकतो.
नसला, तर बोललेलं टोकाला आपटून परत येतं,
पुढच्या बोलण्यात घुसतं.

तिमण्णा समोरच्या कापल्या कड्याकडे बघत राहिला.
"बाप सुरुंगाआधी हाळी एकदाच द्यायचा.
दुसरी दिली की पहिलीत मिसळायची,
माणसाला कळायचं न्हाई
पळायचं कुठं."

चालू कर, म्हटलं. पूर्ण डावीकडे घे.
आता बंद.
सुया पुन्हा त्याच जागी.
एकशेवीस.

चावी माझ्या खिशात घातली
आणि लोडरच्या कमरेत शिरले,
जिथे पुढचा सांगाडा मागच्याला जोडलेला.
ग्रीसचा काळा गोळा, त्यात अडकलेलं
कुणाच्या तरी डब्यातलं प्लास्टिक.
तारांचा जुडगा बोटांनी चाचपत गेले,
डोळे मिटून, तसं बरं पडतं.
एका जागी पिवळी मऊ लागली.
वरून धड. कातडी शाबूत.
आत तांबं तुटलेलं;
सरळ असताना टोकाला टोक टेकतं,
डावीकडे ताणलं की सुटतं.

आणि तिथेच, ढील खाऊन टाकणारा
तो घट्ट टाय.
शेपूट तिरकं कापलेलं.
असं तिरकं मीच कापते.
दिवाळीच्या आधी, पहिल्या खेपेला,
जुडगा लोंबकळतोय, दिसायला वाईट दिसतं, म्हणून
मी इथे हात आवरून घेतला होता.
छान दिसत होतं. फोटोही काढला होता.

"काय सापडलं?" वरून आवाज.
तार.
"उंदीर?"
मी उत्तर दिलं नाही.
खाणीतला कडा तेवढ्यात
"उंदीर" म्हणाला, एकदा, मग हळू अजून एकदा.

नवा तुकडा जोडला, पीळ सारखा ठेवला,
नळीत घातला, तापवून बसवला.
बांधताना चार बोटं ढील सोडली.
लोंबकळतंय.
तिमण्णाने वाकून बघितलं,
तळहातावरची तंबाखू झटकली,
तिरकं शेपूट उचललं, अंगठ्याने उलटंपालटं केलं,
खिशात टाकलं की फेकलं,
माझं लक्ष नव्हतं, किंवा होतं.

डावीकडे. बंद. साठ.
उजवीकडे. बंद. साठ.
खराडीच्या कुठल्याशा इमारतीचा डंपर
केव्हाचा हॉर्न देतोय.

वहीत तारीख, तास, कोड, दुरुस्ती.
'कारण' या रकान्यात पेन टेकवलं
तर शाईचा ठिपका मोठा होत गेला.
बादली खडीत घुसली, वर उठली,
लोडर डावीकडे वळला, बोलत राहिला.
मी अजून लिहिते आहे.